चाकांतील हवेवर बिनतारी पहारा

लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी पेट्रोल, इंजिन ऑइल, काच पुसण्याचे पाणी यांची पाहणी बहुतेक वाहनधारक करतात. चाकांतील हवेकडे मात्र जाता जाता एक नजर टाकली जाते आणि टायर फुगलेला दिसला की समाधान मानले जाते. हे समाधान फसवे आहे. आजच्या रेडियल टायरच्या कडा मुळातच किंचित फुगीर असतात. त्यामुळे आत ८ ते १० पीएसआय हवा कमी असली तरी नुसत्या डोळ्यांना तो टायर भरलेलाच वाटतो. गावातल्या गावात ३०-४० किलोमीटर वेगाने फिरताना हा दोष लपून राहतो. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने तासभर गाडी चालली की तोच दोष जिवावर बेतू शकतो.

हा धोका चालकाला आधीच कळावा म्हणून प्रत्येक चाकात दाब आणि तापमान मोजणारा छोटा बिनतारी संवेदक बसविण्याची पद्धत आता रुळली आहे. 'टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम', म्हणजेच टीपीएमएस, या नावाने ती ओळखली जाते. अनेक नव्या मोटारींत ही यंत्रणा कारखान्यातूनच बसवून येते, तर जुन्या मोटारींसाठी बाजारात स्वतंत्र संच मिळतात. परंतु संच बसविला म्हणजे काम संपले, असे नाही. मर्यादा चुकीच्या ठरविल्या, किंवा आकड्यांचा अर्थ नीट उमगला नाही, तर हाच पहारेकरी ऐन वेळी गप्प बसतो अथवा विनाकारण ओरडत राहतो.

पार्श्वभूमी

टायरमधील दाबावर इलेक्ट्रॉनिक नजर ठेवण्याची सोय १९८६ मध्ये पोर्शे ९५९ या मोटारीत प्रथम आली. त्यानंतर बरीच वर्षे ती महागड्या गाड्यांपुरतीच मर्यादित राहिली. चित्र पालटले ते २००० मध्ये. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतील बरेच टायर फोर्ड एक्सप्लोरर या वाहनांना बसविलेले होते. टायरचा वरचा पट्टा सुटून वाहने उलटण्याच्या अपघातांत अडीचशेहून अधिक जणांचा बळी गेल्याची नोंद तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेत या विषयावरील कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि सप्टेंबर २००७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या हलक्या वाहनांत टीपीएमएस सक्तीची झाली. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना, तर जुलै २०२४ पासून नव्या ट्रक आणि बसगाड्यांनाही हा नियम लागू केला.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनात ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचा संच आणि टीपीएमएस असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते. साहजिकच अशा वाहनांत या यंत्रणेवरची भिस्त अधिकच वाढली आहे.

टायर का फुटतो?

हवा जास्त झाली की टायर फुटतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वेगवान रस्त्यांवर अधिक घातक ठरते ती कमी हवा. हवा कमी असलेल्या टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर दबतात आणि पुन्हा सरळ होतात. मोटारीचे चाक १०० किलोमीटरच्या वेगात मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. तार सतत पुढे-मागे वाकविली की ती तापते, तसेच या कडांचे होते. उष्णतेमुळे रबर आणि आतील धाग्यांचे थर यांची पकड सैल होते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि अखेर टायर फाटतो. भरीला गाडीतील जादा ओझे आणि तापलेला काँक्रीटचा रस्ता असला, तर ही क्रिया आणखी वेगाने घडते.

यासाठीच संवेदक दाब आणि तापमान या दोन्हींची नोंद एकत्र ठेवतो. एकट्या दाबावरून निदान अपुरे राहते.

संवेदकाच्या पोटात काय असते?

मुठीत सहज मावणाऱ्या या उपकरणात सिलिकॉनचा अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो किंचित वाकतो आणि त्यामुळे विद्युतरोधात होणाऱ्या बदलावरून दाब मोजला जातो. सोबत तापमापक, चाक फिरते आहे की नाही हे ओळखणारा गतिमापक, छोटा संगणकीय नियंत्रक, रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियमचा चपटा सेल असतो. प्रत्येक संवेदकाला स्वतःचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि प्रत्येक संदेशासोबत तो पाठविला जातो. गाडीतील ग्राहक यंत्र या क्रमांकावरूनच आपल्या चाकाचा संदेश ओळखते. शेजारून जाणाऱ्या गाडीचे संदेश ते सोडून देते.

प्रक्षेपणासाठी अमेरिकेत मुख्यत्वे ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात आणि भारतात साधारणतः ४३३.९२ मेगाहर्ट्झ ही कंप्रता वापरली जाते. परदेशातून संवेदक मागविताना ही बाब तपासणे अगत्याचे आहे. दोन्ही संवेदक दिसायला सारखेच असतात, पण एकाचा संदेश दुसऱ्या यंत्राला ऐकू येत नाही.

सेल वाचविण्यासाठी संवेदक बहुतांश वेळ निद्रिस्त असतो. चाक फिरू लागले की तो जागा होतो आणि साधारणपणे मिनिटाला एक-दोन वेळा संदेश पाठवितो. दाब झपाट्याने घटू लागला तर नेहमीची वेळ येण्याची वाट न पाहता तो तत्काळ सूचना देतो. यातून उद्भवणारा एक गैरसमज मात्र टाळायला हवा. गाडी रात्रभर उभी असेल, तर सकाळी पडद्यावर दिसणारा आकडा कित्येकदा आदल्या रात्रीचा असतो. रात्रीत चाक बसले असले तरी पडदा ३३ पीएसआयच दाखवीत राहू शकतो. म्हणून निघाल्यानंतर एक-दोन किलोमीटर सावकाश जाऊन चारही आकडे ताजे झाल्याची खात्री करावी.

काही मोटारींत चाकात संवेदकच नसतो. तेथे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकांच्या फेऱ्यांची तुलना होते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन अधिक फेरे घेते, यावरून इशारा दिला जातो. या अप्रत्यक्ष पद्धतीत दाबाचा आकडा किंवा तापमान मिळत नाही. चारही चाकांतील हवा हळूहळू सारखीच कमी झाली, तर ते ओळखणेही तिला अवघड जाते. शिवाय हवा भरल्यावर दर वेळी यंत्रणेला 'रिसेट' करून नवी सुरुवात द्यावी लागते. आपल्या गाडीत यांपैकी कोणती पद्धत आहे, हे वाहनासोबतच्या पुस्तिकेत पाहावे.

बाहेरचा की आतला?

बाजारातील संच दोन प्रकारचे असतात. बाहेरचा संवेदक व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी फिरवून बसवितात. टायर खोलावा लागत नाही आणि सेल घरच्या घरी बदलता येतो. मात्र तो चोरीला जाण्याची शक्यता असते, आणि त्याच्या वजनाचा ताण व्हॉल्व्हच्या रबरी देठावर येतो. देठ जुना असेल तर तो आधी बदलून घ्यावा. शक्य असल्यास धातूचा देठ बसवावा. संवेदक बसविल्यावर व्हॉल्व्हची पिन सतत दाबलेली राहते, म्हणजेच हवा अडविण्याचे काम संवेदकाच्या छोट्या रबरी कडीवर येते. त्यामुळे बसविल्यानंतर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहणे अत्यावश्यक आहे.

आतला संवेदक रिमवर, व्हॉल्व्हच्या बुंध्याशी बसवितात. त्यासाठी टायर उतरवावा लागतो आणि नंतर चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे लागते. तो अधिक सुरक्षित असतो आणि तापमानाची नोंदही अधिक विश्वसनीय देतो. बाहेरच्या संवेदकावर वाऱ्याचा झोत येत असल्याने त्याचा तापमानाचा आकडा कमी दिसतो. आतल्या संवेदकाचा सेल बहुधा रेझिनमध्ये कायमचा बंद केलेला असतो. पाच ते दहा वर्षांनी तो संपला की संपूर्ण संवेदकच बदलावा लागतो. पुढे पंक्चर काढताना किंवा नवा टायर घालताना आत संवेदक असल्याचे दुकानदाराला आधीच सांगावे. अन्यथा टायर उतरविण्याच्या पट्टीने तो तुटण्याची भीती असते. पंक्चर बुजविणारे द्रव वापरल्यास ते संवेदकाच्या सूक्ष्म छिद्रात अडकू शकते.

नोंदणी आणि जागेची खात्री

नवा संवेदक बसविल्यावर ग्राहक यंत्राला त्याची ओळख करून द्यावी लागते. तयार संचात ही नोंदणी बहुधा आधीच केलेली असते आणि संवेदकांवर पुढचे डावे, पुढचे उजवे अशा खुणा असतात. नसल्यास यंत्र 'लर्निंग' स्थितीत नेऊन एकेक चाक निवडावे. बाहेरचा संवेदक व्हॉल्व्हवर चढविताच त्याला दाब जाणवतो आणि तो आपला क्रमांक पाठवितो. आतल्या संवेदकासाठी थोडी हवा सोडावी लागते किंवा १२५ किलोहर्ट्झचे संकेत देणारे हातातील साधन व्हॉल्व्हजवळ धरून त्याला जागे करावे लागते. कारखान्यातून आलेल्या काही यंत्रणा काही मिनिटे गाडी चालविल्यावर ही ओळख आपोआप पटवून घेतात.

त्यानंतरची एक साधी चाचणी बरेच जण टाळतात. पुढच्या डाव्या चाकातील थोडी हवा सोडावी आणि पडद्यावर नेमका त्याच चाकाचा आकडा उतरतो का, ते पाहावे. चारही चाकांची अशी खात्री करून मग हवा पुन्हा भरावी. जागांची अदलाबदल झाली असेल, तर संकटसमयी चालक भलतेच चाक तपासत बसेल. टायरची झीज सारखी व्हावी म्हणून चाके पुढची मागे केल्यावरही ही नोंदणी पुन्हा करावी. अखेरीस एका चांगल्या हातगेजने चारही चाकांचा दाब मोजून पडद्यावरील आकड्यांशी ताडून घ्यावा. एक-दोन पीएसआयचा फरक चालण्यासारखा आहे; फरक त्याहून अधिक असल्यास दोघांपैकी एक जण चुकतो आहे, हे उघड आहे.

मर्यादा कशा ठरवाव्यात?

येथे पहिला प्रश्न मूळ आकड्याचा. तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणामागील पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या कडेवर असलेला मोठा आकडा कमाल दाबाचा असतो. तो भरावयाचा दाब नव्हे. पट्टीवर दोनच प्रवासी असतानाचा आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचा, असे दोन वेगळे दाब अनेकदा दिलेले असतात. हे आकडे थंड टायरचे आहेत, म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या किंवा जेमतेम दीड किलोमीटर चाललेल्या गाडीचे. यंत्रावरील एकक पीएसआय आहे की बार, हेही पाहून घ्यावे. एक बार म्हणजे १४.५ पीएसआय.

थंड दाब ३३ पीएसआय असलेली मोटार उदाहरणादाखल घेऊ. अमेरिकी नियमानुसार दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर इशारा मिळायला हवा. म्हणजे हवा २५ पीएसआयच्या खाली जाईपर्यंत दिवा कदाचित लागणारच नाही. युरोपीय नियमात ही घट २० टक्क्यांची आहे. स्वतः मर्यादा ठरविण्याची सोय असेल, तर खालची मर्यादा १५ टक्के घटीवर, म्हणजे २८ पीएसआयवर ठेवणे शहाणपणाचे. ती ३१-३२ वर ठेवली, तर थंडीतील प्रत्येक पहाटे यंत्र ओरडेल आणि चालक वैतागून आवाजच बंद करून टाकेल. वरची मर्यादा गाडी पूर्ण भरलेली असतानाच्या दाबाच्या २५ टक्के वर ठेवावी. तापमानाची मर्यादा ७५ ते ८० अंशांच्या दरम्यान असावी. विदर्भातील मे महिन्यात दुपारी हवाच ४२ ते ४५ अंश तापते. त्यामुळे ६० अंशांची मर्यादा तेथे निरर्थक ठरते.

वाढणारे आकडे वाचताना

वायू तापला की त्याचा दाब वाढतो. २५ अंशांना ३३ पीएसआय असलेल्या टायरमधील हवा ५५ अंशांपर्यंत तापली, तर पडद्यावर सुमारे ३८ पीएसआय दिसते. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंशांमागे दाब दीड पीएसआयने बदलतो. चारही चाकांत सारख्या प्रमाणात झालेली ही वाढ स्वाभाविक आहे. ती पाहून घाबरून वाटेत हवा सोडणे ही सर्वांत मोठी चूक. तापलेल्या टायरमधील दाब ३८ वरून ३३ वर आणला, तर रात्री तो टायर थंड झाल्यावर आत साडेअठ्ठावीस पीएसआयच उरते. दुसऱ्या दिवशी तोच टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि चालक मात्र हवा बरोबर असल्याच्या समजुतीत राहतो.

एकाच चाकाचे तापमान इतरांपेक्षा १०-१५ अंशांनी जास्त दिसू लागले, तर ती धोक्याची घंटा समजावी. त्याच चाकाचा दाब इतरांच्या तुलनेत कमी असेल, तर हवा गळत असल्याची शक्यता अधिक. दाब वाढत असेल आणि रिमही तापला असेल, तर ब्रेक अडकल्याचा संशय घ्यावा. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास चाके, विशेषतः पुढची, तापतात. अशा वेळी ब्रेकऐवजी खालच्या गिअरचा उपयोग करावा. एका बाजूच्या चाकांवर ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असल्यासही काही अंशांचा फरक पडतो. गाडी थोडी चालली की तो कमी होतो.

उंचीचाही थोडा परिणाम असतो. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला गेल्यावर बाहेरील हवेचा दाब सुमारे २ पीएसआयने उतरतो आणि हातगेजवर टायरचा दाब तेवढा वाढलेला दिसतो. बरेच संवेदक निरपेक्ष दाब मोजून त्यातून ठराविक वातावरणीय दाब वजा करतात. त्यामुळे त्यांच्या आकड्यात ही वाढ दिसत नाही. गेज आणि संवेदक यांच्यात अचानक मतभेद दिसला, तर त्याचे कारण हे असू शकते.

इशारा मिळाल्यावर

कारखान्याच्या यंत्रणेत पिवळा दिवा स्थिर लागला, तर हवा कमी आहे. तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुधा यंत्रणेतच बिघाड आहे. सेल संपला असेल किंवा संवेदकाचा संदेश पोहोचत नसेल. सिगारेट लायटरच्या खाचेतील हलक्या दर्जाचा मोबाइल चार्जरही कधी कधी संदेशात अडथळा आणतो. तो काढून पाहावा.

द्रुतगती मार्गावर दाब वेगाने घटत असल्याचा इशारा मिळाला, तर जोरात ब्रेक दाबू नये. सुकाणूचक्र दोन्ही हातांनी घट्ट धरावे, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा, इशारादिवे लावावेत आणि वेग उतरल्यावर डाव्या कडेच्या पट्टीवर गाडी घ्यावी. प्रवाशांनी डाव्या बाजूने उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे. इशारा तापमानाचा असेल, तर वेग कमी करून सुरक्षित ठिकाणी थांबावे आणि टायर आपोआप निवू द्यावा. त्यावर पाणी ओतू नये, हवाही सोडू नये.

जे संवेदकाला दिसत नाही

या यंत्रणेच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. टायरची नक्षी झिजली आहे, कडेला फुगवटा आला आहे किंवा रबराचे वय झाले आहे, यांपैकी काहीही संवेदकाला कळत नाही. टायरच्या कडेवरील चार अंकी आकड्यावरून त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष समजते. '२३१९' म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. लोखंडी तुकड्याने टायर एका क्षणात फाटला, तर इशाऱ्यासाठी वेळच उरत नाही. पाळत ठेवली जाण्याचा प्रश्नही आहे. अमेरिकेतील रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांतील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की या संवेदकांचे संदेश ४० मीटरपर्यंत बाहेरून ऐकता येतात आणि खोटे संदेशही पाठविता येतात. त्यामुळे गाडी उत्तम चालत असताना एकाएकी विचित्र इशारा आला, तरी घाबरून भर रस्त्यात थांबू नये. योग्य जागी जाऊन गेजने खात्री करावी.

कोणत्याही टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपसूक कमी होते. म्हणून महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी थंड टायरचा दाब गेजने मोजण्याची जुनी सवय संवेदक असतानाही सोडू नये. गाडीत स्टेपनी असेल, तर तीही विसरू नये. बहुतेक संचांत तिच्यासाठी संवेदक नसतो, आणि नेमकी गरज पडते तेव्हाच ती बसलेली असल्याचे ध्यानात येते.